चाकोरी दोन हजार मैलांची

पावणेदोनशे वर्षांपूर्वी लाखो माणसांनी बैलगाड्यांतून, खरे तर बैलगाड्यांच्या शेजारून चालत, अमेरिका ओलांडली. ती ‘ओरेगॉन ट्रेल’ आज मोटारीने आठ-दहा दिवसांत पाहून होते. मित्रमैत्रिणींना घेऊन या वाटेने जाणाऱ्यांना इतिहास तर दिसतोच. पण ‘सोबत’ या साध्या शब्दाचा अर्थही नव्याने कळतो.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात गर्न्सी नावाचे एक छोटे गाव आहे. गावाबाहेर, नॉर्थ प्लॅट नदीच्या दक्षिणेला वालुकाश्माची टेकडी लागते. टेकडीवरचा खडक मधोमध कापत गेलेला दिसतो. काही ठिकाणी हा चर पाच फूट खोल आहे. आत उभ्या राहिलेल्या माणसाचे डोके आणि खांदे तेवढे वर दिसतात. ओढ्याच्या पाण्याने खडक कापला असावा, असे पाहणाऱ्याला आधी वाटते. पण हे काम पाण्याचे नाही. बैलगाड्यांच्या चाकांवरील लोखंडी धावांनी, जनावरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी तो खडक वर्षानुवर्षे झिजवला आहे. मराठीत या खुणेला नेमका शब्द आहे : चाकोरी.

‘चाकोरीतले आयुष्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठरावीक, सुरक्षित, धोका नसलेले जगणे येते. ही चाकोरी मात्र शेतीवाडी विकून, म्हाताऱ्या आईबापांचा कायमचा निरोप घेऊन अनोळखी मुलखात निघालेल्या माणसांनी पाडलेली आहे. मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावापासून पॅसिफिक महासागराजवळच्या ओरेगॉनमधील विलामेट नदीच्या सुपीक खोऱ्यापर्यंत ही वाट सुमारे २,१७० मैल, म्हणजे जवळजवळ ३,५०० किलोमीटर लांब होती. सुमारे हजार माणसांचा पहिला मोठा तांडा १८४३ मध्ये निघाला. १८६९ मध्ये आगगाडी देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊ लागली, तोवर ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि उटाहकडे जाणारी तीन ते पाच लाख माणसे या वाटेने, निदान तिच्या पूर्वेकडील भागाने, गेली होती. त्यांपैकी हजारो वाटेतच संपली. काही अभ्यासकांनी हा आकडा वीस हजारांपर्यंत नेला आहे.

१९७८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने या वाटेला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. आज तिच्या आजूबाजूने डांबरी रस्ते गेले आहेत आणि उन्हाळा आला की मित्रमैत्रिणींच्या टोळ्या मोटारी घेऊन त्या चाकोऱ्या शोधत निघतात.

पंचाहत्तरीतला बैलगाडीवाला

जुन्या वाटेने पुन्हा जायचे, ही कल्पना नवी नाही. तिचा सर्वांत हट्टी पुरस्कर्ता म्हणजे एझ्रा मीकर. १८५२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बायको आणि तान्हे मूल घेऊन तो बैलगाडीने पश्चिमेला गेला होता. पुढे पन्नास वर्षे गेली. आगगाडी आली, कुंपणे आली, शेते नांगरली गेली आणि वाट पुसली जाऊ लागली. ज्या वाटेवर आपले इतके सोबती पुरले गेले ती वाटच विसरली जाणार, ही गोष्ट म्हाताऱ्याच्या जिवाला लागली.

१९०६ मध्ये, पंचाहत्तरीत, त्याने पुन्हा बैल जुंपले आणि वॉशिंग्टन राज्यातील आपल्या गावातून उलट दिशेने, पूर्वेकडे निघाला. गावोगावी थांबून तो लोकांना गोळा करी, भाषण देई, वर्गणी जमवी आणि वाटेच्या खुणेसाठी दगड उभे करायला लावी. १९०७ च्या अखेरीस तो राजधानीत पोचला, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याची गाडी आणि बैल पाहिले. एवढ्यावर तो थांबला नाही. १९१६ मध्ये मोटारीने आणि १९२४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, चक्क विमानाने त्याने हा मार्ग पुन्हा पाहिला. १९२८ मध्ये तो वारला, तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचा होता. एकाच आयुष्यात एकच वाट बैलगाडी, मोटार आणि विमान अशा तिन्ही वाहनांनी पाहिलेला माणूस विरळाच! त्याने उभारलेले काही दगड अजून जागेवर आहेत. आजचा प्रवासी त्यांच्याच आधाराने वाट ओळखतो.

काय घ्यायचे, काय सोडायचे

सिनेमात दिसणाऱ्या ऐसपैस गाड्या या वाटेवर फारशा नव्हत्या. शेतावरचीच साधी गाडी, साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. वर लाकडी कमानी, त्यांवर जवसाच्या तेलाने पाणी धरणार नाही असे केलेले जाड कापड. गाडीला स्प्रिंग नसत. त्यामुळे आजारी, गरोदर आणि अगदी लहान मुले सोडली तर बहुतेक सगळे पायी चालत. घोड्यांपेक्षा बैलांना पसंती होती. बैल चालीला हळू, पण मिळेल ते गवत खाऊन तग धरणारे आणि किमतीला स्वस्त. दिवसाकाठी पंधरा मैल झाले की दिवस चांगला गेला म्हणायचे. अशा चालीने पाच-सहा महिने लागत.

माणशी दोनशे पौंड पीठ, दीडशे पौंड खारवलेले डुकराचे मांस, वीस पौंड साखर, दहा पौंड कॉफी आणि दहा पौंड मीठ, असा हिशेब त्या काळच्या मार्गदर्शक पुस्तकांत दिलेला असे. चौघांच्या कुटुंबाचे एवढे धान्य भरले की गाडी जवळजवळ भरली. मग उरलेल्या जागेत काय? आजीची शिसवी पेटी, बिडाची चूल, लोहाराचा ऐरण की पुस्तके? बहुतेक घरांत यावरून रडारड झाली. घरातून काढवत नाही म्हणून जे घेतले, ते चारशे-पाचशे मैलांवर बैल थकले की वाटेत टाकून द्यावे लागले. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यानंतर, १८४९ मध्ये, तर वाटेच्या कडेला चुली, पेट्या, हत्यारे आणि खारवलेल्या मांसाचे ढीग पडलेले होते.

मोटारीच्या डिकीपाशी उभ्या राहिलेल्या चार मित्रांची अडचण याच्यापुढे अगदीच किरकोळ. पण जात तीच. एकाला तंबू हवा, दुसऱ्याला कॅमेऱ्याचे तीन डबे, तिसऱ्याला स्वयंपाकाचा सरंजाम. प्रत्येकाला आपली वस्तू गरजेची आणि दुसऱ्याची चैनीची वाटते. भांडण सामानाचे दिसते. प्रत्यक्षात ते जागा कुणाची किती, याचे असते.

आजची पहिली गाडी उद्या शेवटची

तांड्याचे खरे दुखणे हेच होते. शेकडो अनोळखी माणसे, प्रत्येकाची वेगळी ऐपत, वेगळा स्वभाव आणि पाच महिन्यांची अहोरात्र सोबत! म्हणून निघताना तांडे लेखी नियम करत, मतदान घेऊन नायक निवडत. १८४३ च्या मोठ्या तांड्याने पीटर बर्नेट याला नायक केले. काही दिवसांतच त्याने नायकपद सोडले. वादाचे कारण आजच्या कोणत्याही सहलीत शोभेल असे होते. काही कुटुंबांजवळ गुरांचे मोठे कळप होते, काहींजवळ जेमतेम गाडीचे बैल. रात्री गुरांवर पहारा मात्र सगळ्यांनी सारखा द्यायचा. ‘तुमची गुरे, आम्ही का जागायचे?’ असा प्रश्न निघाला आणि तांड्याचे दोन भाग झाले. कळपवाल्यांच्या मागच्या भागाचा नायक झाला जेसी अ‍ॅपलगेट.

या अ‍ॅपलगेटने पुढे, १८७६ मध्ये, त्या तांड्याच्या एका दिवसाचे वर्णन लिहून ठेवले. त्यातली एक पद्धत लक्षात राहण्याजोगी आहे. साठ गाड्यांचे चार-चारांचे पंधरा गट पाडलेले असत. जो गट आज सर्वांत पुढे, तो उद्या सर्वांत मागे. कारण काय? धूळ! पुढच्या गाडीला मोकळी हवा मिळते आणि शेवटच्या गाडीला एकोणसाठ गाड्यांची धूळ खावी लागते. धूळ टाळता येत नाही. पण ती वाटून घेता येते. आळसाने सकाळी वेळेत गाडी न जुंपणाऱ्याची पाळी मात्र जाई आणि तो त्या दिवशी मागे धुळीत चाले.

मित्रांच्या मोटारसहलीला याहून चांगला नियम सापडणे कठीण. पुढची खिडकीजवळची जागा, चालवण्याची पाळी, गाणी कुणाच्या आवडीची, रात्रीच्या मुक्कामाची खोली कुणी शोधायची, पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे, हे पहिल्याच दिवशी ठरले आणि त्याचा क्रम रोज फिरत राहिला, तर निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत. उरलेल्या निम्म्या भांडणांना अर्थात कुणाचाच इलाज नाही. २०११ च्या उन्हाळ्यात रिंकर बक हा लेखक आणि त्याचा भाऊ निक यांनी खेचरांची गाडी घेऊन हा सगळा मार्ग पार केला. त्याच्या २०१५ साली आलेल्या पुस्तकात डोंगरनद्यांइतकीच जागा दोन भावांच्या स्वभावांना मिळाली आहे.

प्लॅटच्या काठाने

इंडिपेंडन्स सोडून मोटार कॅन्सस आणि मग नेब्रास्का राज्यात शिरते. प्लॅट नदी रुंद, उथळ आणि गढूळ. तिच्या काठाने जमीन इतकी सपाट, की जुने प्रवासी दिवसचे दिवस चालत आणि समोर काहीच बदलत नसे. इथे झाडे नव्हती. त्यामुळे सरपणही नव्हते. बायामुली रानगव्यांचे वाळलेले शेण ओट्यात गोळा करीत आणि त्यावर स्वयंपाक होई. शहरातून आलेल्या स्त्रियांना पहिले काही दिवस किळस वाटे. गोवऱ्यांची चूल पाहिलेल्या आपल्या वाचकांना त्याचे मुळीच नवल वाटणार नाही.

मग एके दिवशी क्षितिजावर सुळका दिसू लागे : चिमणी रॉक. पायथ्यापासून सुमारे तीनशे फूट उंच असलेल्या या सुळक्याचा उल्लेख प्रवाशांच्या रोजनिश्यांत इतर कोणत्याही खुणेपेक्षा अधिक वेळा सापडतो. सव्वीस क्रमांकाच्या हमरस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीतूनही तो बराच वेळ दिसत राहतो. पुढे स्कॉट्स ब्लफचे कडे लागतात. त्यांच्या खिंडीतून जुन्या वाटेवर आजही थोडे अंतर पायी चालता येते.

या सुंदर पट्ट्यातच सर्वाधिक माणसे मेली. कारण होते पटकी. १८४९ ते १८५२ या वर्षांत प्लॅटच्या काठी पटकीने कहर केला. दूषित पाण्यातून ती पसरते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. हजारो माणसे आणि जनावरे त्याच त्याच जागी मुक्काम करत, तिथलेच पाणी पीत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसे. लांडग्यांनी उकरू नये म्हणून प्रेते पुष्कळदा वाटेतच पुरली जात आणि त्यांवरून गाड्या नेल्या जात. त्यामुळे बहुतेक कबरींचा आज पत्ताच नाही.

स्कॉट्सब्लफ शहराजवळची एक कबर मात्र सापडली. उटाहकडे जाणाऱ्या मॉर्मन पंथीयांच्या तांड्यातील रिबेका विंटर्स १८५२ च्या ऑगस्टमध्ये पटकीने गेली. तिच्या कुटुंबाच्या एका मित्राने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यावर छिन्नीने तिचे नाव आणि वय कोरले आणि ती कमान कबरीवर रोवली. लाकडाचा फलक चार वर्षांत कुजला असता, लोखंड टिकले. जवळजवळ अर्धशतकानंतर लोहमार्गाची आखणी करणाऱ्यांना ती धाव दिसली आणि त्यांनी रुळांचा मार्ग थोडा सरकवला. १९९५ मध्ये कबर रुळांपासून सुरक्षित अंतरावर हलवण्यात आली. धाव अजून तिथेच आहे. मैत्रीची स्मारके जगात थोडी आहेत. हे त्यांतले एक.

एका गाईची किंमत

मार्गाचा सुमारे एक तृतीयांश भाग संपला की फोर्ट लॅरमी येतो. १८३४ मध्ये फरच्या व्यापारासाठी सुरू झालेले हे ठाणे सैन्याने १८४९ मध्ये विकत घेतले. आज तिथल्या जुन्या इमारती जपून ठेवल्या आहेत.

या वाटेवरचा मोठा गैरसमज इथेच दूर करून घ्यावा. सिनेमांमुळे असे वाटते की मूळ रहिवासी सतत तांड्यांवर हल्ले करत होते. इतिहासकार जॉन अनरू यांनी १८४० ते १८६० या वीस वर्षांची नोंद तपासली, तेव्हा प्रवाशांपैकी ३६२ जण मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेल्याचे आणि प्रवाशांच्या हातून मारल्या गेलेल्या मूळ रहिवाशांची संख्या ४२६ असल्याचे दिसले. पटकी, नद्यांमध्ये बुडणे, चाकाखाली सापडणे आणि स्वतःच्याच बंदुका चुकून सुटणे, यांनी त्याहून कितीतरी अधिक बळी घेतले. उलट शोशोनी लोकांनी स्नेक नदीवर उतार दाखवले, मासे विकले. पुढे कायूस आणि उमाटिला लोकांनी भुकेल्या तांड्यांना बटाटे विकले.

पण दरवर्षी हजारो जनावरांनी गवत खाल्ले, लाकूड संपले, रानगवे दूर गेले आणि रोग आले. सोसायचे कुणी किती? १८५१ मध्ये लॅरमीजवळ हॉर्स क्रीक इथे मोठी सभा भरली, तह झाला. वाट मोकळी ठेवण्याच्या बदल्यात दरवर्षी पन्नास हजार डॉलर किमतीचा माल पन्नास वर्षे द्यायचे ठरले. पुढे सेनेटने ती मुदतच कमी केली.

ऑगस्ट १८५४ मध्ये एका प्रवाशाची गाय चुकून लाकोटांच्या वस्तीकडे गेली आणि एकाने ती मारली. त्यांचा मुखिया कॉन्करिंग बेअर याने भरपाई म्हणून घोडा देऊ केला. तो नाकारण्यात आला. लेफ्टनंट ग्रॅटन हा तरुण अधिकारी तीसेक जण आणि तोफा घेऊन वस्तीत गेला. बोलणी फिसकटली, गोळ्या सुटल्या. मुखिया प्राणांतिक जखमी झाला आणि ग्रॅटनची सगळी तुकडी मारली गेली. पुढच्या वर्षी सैन्याने सूड घेतला आणि मैदानी प्रदेशातील लढाया अनेक वर्षे धुमसत राहिल्या. एका गाईची किंमत घोडा घेऊन भागली असती.

फोर्ट लॅरमीच्या पूर्वेला काही मैलांवर ही जागा आहे. थांबावे अशी आहे. कारण इथे मोटारीतल्या गप्पा बहुधा बदलतात. ज्यांच्या जिद्दीचे कौतुक करत इथवर आलो, ती माणसे ज्या जमिनीवर हक्क सांगायला निघाली ती मोकळी नव्हती, ही जाणीव सोबत घेऊनच पुढचा प्रवास होतो.

जवळची वाट, लांबचा फेरा

कॅस्पर शहराच्या नैर्ऋत्येला, रस्त्यालगत, कासवाच्या पाठीसारखा इंडिपेंडन्स रॉक आहे. चार जुलै या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत इथे पोचलो तर पुढच्या डोंगरात बर्फाआधी उतरू, असा प्रवाशांचा अंदाज असे. खडकावर त्यांनी कोरलेली नावे अजून वाचता येतात. नंतर साउथ पास. रॉकी पर्वत ओलांडायची ही जागा इतकी रुंद आणि सपाट आहे, की आपण खिंड ओलांडली हे पुष्कळांना कळतही नसे. ही खिंड नसती तर कुटुंबे गाड्यांसह पश्चिमेला गेलीच नसती. १८३६ मध्ये नार्सिसा व्हिटमन आणि एलिझा स्पाल्डिंग या दोन मिशनरी स्त्रिया इथून पलीकडे गेल्या आणि बायकांनाही हा प्रवास जमतो, अशी खात्री पूर्वेकडच्या घरांना पटली. मीकरने १९०६ मध्ये उभा केलेला दगड इथेच, कच्च्या रस्त्याने आत गेल्यावर दिसतो.

खिंडीनंतर मोह सुरू होतात. १८४६ मध्ये डोनर आणि रीड कुटुंबांचा कॅलिफोर्नियाकडे निघालेला तांडा फोर्ट ब्रिजर इथे पोचला. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने एक ‘जवळची वाट’ सांगितली होती. तिने गेल्यावर आठवडे वाया गेले, मिठाच्या वाळवंटात बैल मेले, माणसे चिडली. ऑक्टोबरमध्ये गाड्यांवरून झालेल्या भांडणात जेम्स रीडच्या हातून एक सोबती मारला गेला. तांड्याने रीडला बायकामुलांपासून तोडून एकट्याला हाकलून दिले. पुढे सिएरा नेवाडाच्या बर्फात तांडा अडकला. ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे मेले. कॅलिफोर्नियात पोचलेला रीड मात्र मदतीची तुकडी घेऊन त्याच बर्फात परत आला. त्याची बायको आणि चारही मुले वाचली. ज्याला सोबत नको म्हटले, तोच सोडवायला आला.

सात पोरकी मुले

सोबतीची दुसरी बाजू दोन वर्षे आधी, १८४४ मध्ये दिसली होती. सेगर कुटुंबात सहा मुले होती. सातवे वाटेत जन्मले. फोर्ट लॅरमीच्या अलीकडे नऊ वर्षांच्या कॅथरिनचा पाय गाडीच्या चाकाखाली सापडून मोडला. ग्रीन नदीजवळ बाप तापाने गेला. काही आठवड्यांनी, स्नेक नदीच्या काठी, आईही गेली. सर्वांत थोरला मुलगा चौदा वर्षांचा, धाकटी मुलगी काही महिन्यांची.

तांड्यातल्या लोकांजवळ स्वतःलाच पुरेसे अन्न नव्हते. तरी त्यांनी मुलांना सोडले नाही. तान्ह्या मुलीला तांड्यातल्या बायकांनी आलटून पालटून पाजले, नायकाच्या कुटुंबाने लक्ष ठेवले, एका जर्मन डॉक्टरने त्यांची गाडी हाकली. आजच्या वॉशिंग्टन राज्यातील वाला वालाजवळच्या मिशनपर्यंत सातही मुले जिवंत पोचली आणि मार्कस व नार्सिसा व्हिटमन यांनी त्यांना आपल्या घरात घेतले.

गोष्ट इथे सुखाने संपली असती तर बरे झाले असते. १८४७ मध्ये तांड्यांबरोबर आलेल्या गोवराने कायूस लोकांची जवळजवळ निम्मी माणसे मारली. व्हिटमन डॉक्टरांच्या औषधाने गोरी मुले बरी होतात आणि आपली मरतात, हे पाहून त्यांच्यात संशय आणि संताप पेटला. नोव्हेंबरमध्ये झालेल्या हल्ल्यात व्हिटमन दांपत्य आणि सेगरांची दोन्ही मुले मारली गेली. १८५० मध्ये पाच कायूस पुरुषांना ओरेगॉन सिटीत फाशी दिले गेले. ओरेगॉनमधील पेंडलटनजवळ कायूस, उमाटिला आणि वाला वाला या जमातींनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या तमास्लिक्त या संग्रहालयात ही कहाणी त्यांच्या बाजूने पाहायला मिळते. ते पाहिल्याशिवाय ही सहल अर्धीच.

शेवटचा घाट

आयडाहोत स्नेक नदीच्या काठाने, मग ब्लू माउंटन्सच्या दाट झाडीतून वाट ओरेगॉनमध्ये उतरते. बेकर सिटीजवळच्या फ्लॅगस्टाफ हिलवर १९९२ मध्ये उघडलेले माहिती केंद्र आहे. तिथून खाली माळावर चाकोऱ्या स्पष्ट दिसतात.

द डॅल्स इथे गाड्यांची वाट संपत असे आणि कोलंबिया नदीतून तराफ्यांनी जावे लागे. १८४३ मध्ये या नदीत अ‍ॅपलगेट कुटुंबातील दोन मुले बुडाली. एक जेसीचा, एक त्याच्या भावाचा. त्या दुःखातून अ‍ॅपलगेट भावांनी १८४६ मध्ये दक्षिणेकडून नवी वाट शोधली. त्याच वर्षी सॅम बार्लोने माउंट हूड डोंगराला वळसा घालणारा रस्ता काढला आणि गाडीमागे पाच डॉलर पथकर लावला. लॉरेल हिलच्या उतारावर झाडांना दोर गुंडाळून गाड्या एकेक करून खाली सोडाव्या लागत. दोर धरायला दहा-बारा माणसे हवीत. एकट्याने ती टेकडी उतरणे शक्यच नव्हते.

ओरेगॉन सिटीत जमिनीचा हक्क नोंदवायचा, की प्रवास संपला. १८५० च्या कायद्याने आधी पोचलेल्या गोऱ्या दांपत्याला ६४० एकर जमीन मिळे आणि त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावे होई. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती. मात्र काळ्या लोकांना तिथे राहायलाच मनाई करणारे कायदे होते. १८४४ मध्ये आलेल्या जॉर्ज बुश या काळ्या शेतकऱ्याने म्हणून कोलंबियाच्या उत्तरेला घर केले. विशेष म्हणजे, त्याच्याबरोबर आलेली काही गोरी कुटुंबेही त्याच्या सोबतीने उत्तरेलाच गेली.

जाणार असाल तर

मुलाबाळांच्या निमित्ताने अमेरिकेत जाणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत. त्यांपैकी कुणाला ही वाट पाहायची असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर हा काळ बरा. राष्ट्रीय उद्यान विभागाने राज्यवार मोटारमार्गाच्या पुस्तिका काढल्या आहेत आणि रस्त्यांवर मार्गाच्या खुणेच्या पाट्या लावल्या आहेत. वायोमिंगमध्ये पेट्रोल पंप दूर-दूर आहेत आणि मोबाइलला कित्येक ठिकाणी आवाका नाही. म्हणून टाकी अर्धी झाली की भरावी, छापील नकाशा आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. गवतातून चालताना सापांकडे लक्ष असावे. पुष्कळ चाकोऱ्या खासगी कुरणांत आहेत. फाटक असेल तर विचारल्याशिवाय आत जाऊ नये. जुना खिळासुद्धा उचलू नये आणि खडकावर आपले नाव कोरण्याचा मोह तर मुळीच धरू नये. दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या वर जाऊ नये. जुन्या प्रवाशांना एवढ्या अंतराला दोन आठवडे लागत, हे आठवले की घाई आपोआप कमी होते.

आणि सोबती? ते विचार करून निवडावेत. त्या वाटेवर पोचलेल्यांत शूर होते, भित्रे होते, भांडखोरही होते. पण एकटे जवळजवळ कुणीच नव्हते. कुणी पहारा दिला, कुणी परक्याचे मूल पाजले, कुणी दोर धरला, कुणी मागच्या गाडीत बसून मुकाट्याने धूळ खाल्ली. चार मित्र आठ दिवस एका मोटारीत बसले की एवढ्या मोठ्या परीक्षा येत नाहीत. पण शेवटचा बिस्किटाचा पुडा कुणी कुणाला दिला आणि थकलेल्याच्या हातातले स्टिअरिंग न सांगता कुणी घेतले, हे परतल्यावर फोटोंपेक्षा जास्त दिवस लक्षात राहते.